पाचवीची हातच्याची वजाबाकी: शून्य आलं की घोडं का अडतं?

फोंड्याची पाटी

नमस्कार मंडळी.

शिकवणीत पाचवीची पाच मुलं आहेत. चौथीपर्यंत पाचही जण मराठी माध्यमात होते, यंदापासून इंग्रजी. आपल्या गोव्यात मराठी प्राथमिक शाळांतल्या बहुतेक मुलांचं असंच होतं. बिनहातच्याची बेरीज-वजाबाकी पक्की आहे. हातच्याची बेरीज तीन अंकांपर्यंत जमते, चार-पाच अंकांत कधी हातचा राहून जातो. पण वजाबाकीत वरच्या संख्येत शून्य आलं की सगळं कोसळतं.

५००३ − २७६८ हे एकच उदाहरण पाचही जणांना दिलं. दोघांचं उत्तर ३७६५, दोघांचं ३२३५. एकीचं २२३५ म्हणजे बरोबर आलं, पण शून्याचे नऊ का केले हे तिला सांगता येत नाही.

प्रश्न तीन. मागे जायचं तर नेमकं कुठवर? ‘उसने’, ‘हातचा’ हे शब्द ठेवायचे की शाळेतले ‘बॉरो’, ‘कॅरी’ घ्यायचे? आणि रोज किती उदाहरणं द्यावीत?

खडू आणि डस्टर

ताई, ती चुकीची उत्तरं पुसू नका, त्यांच्यातच सगळं लिहिलेलं आहे.

३७६५ कसं आलं बघा. ८ मधून ३ गेले ५, ६ मधून ० गेला ६, ७ मधून ० गेला ७, ५ मधून २ गेले ३. म्हणजे वर-खाली न बघता प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. ३२३५ वाली मुलं पुढे गेलेली आहेत. शून्याचे नऊ होतात आणि ३ चे १३ होतात हे त्यांना माहीत आहे, फक्त हजाराच्या घरातला ५ चा ४ करायचा राहिला. या दोन चुकांवर एकच औषध चालणार नाही.

वजाबाकीतली चूक बहुतेक वेळा निष्काळजीपणाची नसते. मुलानं मनाशी एक चुकीचा नियम धरलेला असतो आणि तो ते अगदी इमानानं पाळत असतं. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या उत्तरांचा अभ्यास करून अशा नियमांची मोठी यादीच मांडली होती.

निदानासाठी ४०२ − १५७ हे छोटं उदाहरण फार कामाचं आहे. बरोबर उत्तर २४५.
३५५ आलं तर मोठ्यातून लहान.
३४५ आलं तर शून्याचे नऊ केले, पण शतकातून एक कमी केला नाही.
१५५ आलं तर शतकातला एक थेट एककाकडे नेला, दशकाच्या घरात शून्य तसंच राहिलं, आणि मग त्या शून्यासाठी शतकातून पुन्हा एक काढला.
२०५ आलं तर ‘शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून शून्य’.

उत्तर बघून ओळखायचं आणि मग मुलाला मोठ्यानं बोलत तेच उदाहरण पुन्हा करायला लावायचं. आपण मध्ये एक शब्द बोलायचा नाही.

मोजपट्टी

१५५ बद्दल थोडी भर. तिथे मूल दोनदा उसने घेतं आणि दोन्ही वेळा कमी करायला विसरत नाही, म्हणजे रीत त्याला चांगली पाठ आहे. शतकातून काढलेला एक म्हणजे शंभर असतात, दहा नव्हेत, एवढंच त्याच्या डोक्यात नाही. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणं देऊन उपयोग नाही. त्याला वस्तू हातात द्या.

हिराची जुडी

वस्तूंचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडे माडाच्या हिरांपेक्षा सोयीचं काही नाही. वाळलेल्या झावळीचे हीर काढून चार-पाच इंचांचे तुकडे करा. दहा तुकड्यांना एक रबर, ही जुडी. अशा दहा जुड्यांना मिळून एक मोठा रबर, हा गठ्ठा. तीन गठ्ठे आणि वीसेक सुटे एवढ्यात काम भागतं. जुड्या मुलांकडूनच बांधून घ्या. ज्यानं दहा मोजून बांधले, त्याला ते सोडताना नवल वाटत नाही.

सुरुवात २०३ − ७८ नं करा. टेबलावर दोन गठ्ठे आणि तीन सुटे, मधली जागा रिकामी. आठ सुटे उचलायला सांगा. तीनच आहेत. जुडी सोडूया म्हटलं तर जुडी एकही नाही. इथे गप्प बसायचं. मूल स्वतःहून गठ्ठ्याकडे हात नेतं. गठ्ठा सोडला की एक गठ्ठा, दहा जुड्या, तीन सुटे. आता एक जुडी सोडायची: एक गठ्ठा, नऊ जुड्या, तेरा सुटे. इथे थांबून विचारायचं, ‘टेबलावर आता एकूण किती?’ २०३ च, हे त्याच्या तोंडून यायला हवं. न मोजता आलं तर उत्तमच. मग आठ सुटे उचला, सात जुड्या उचला, राहिले १२५.

दोन गोष्टी चुकतात. पहिली, काड्यांचं काम एका दिवशी आणि वहीतलं दुसऱ्या दिवशी. तसं केलं की दोन्हींचा संबंध तुटतो. गठ्ठा सोडला की लगेच वहीत २ खोडून १, शून्यावर १०. जुडी सोडली की १० खोडून ९, आणि ३ वर १३. दुसरी, शून्यावर एकदम ९ लिहायला शिकवणं. १० आधी लिहू द्या, मग ते खोडून ९ होऊ द्या. नऊ कुठून आले याचा पुरावा त्या खोडलेल्या दहात आहे.

ताळेबंद

पाचवीच्या मुलांना काड्या म्हणजे फारच मागे जाणं झालं, असं मला वाटतं. दहा-अकरा वर्षांची मुलं कंटाळतात, आणि ५००३ साठी काड्या आणणार कुठून? त्यांना पैसे द्या, म्हणजे कागदाच्या नोटा. १, १०, १०० आणि १००० एवढ्याच. खऱ्या व्यवहारातल्या ५, २०, ५०, २००, ५०० यांत घेऊ नका, त्यांनी दशमानाचा सगळा घाट बिघडतो. हजाराची नोट २०१६ पासून चलनात नाही, म्हणून मुलांना ती कागदावर करून द्यावीच लागते. प्रत्येक नोटेचा रंग वेगळा ठेवा आणि वहीत तो घराच्या डोक्यावरही लावा.

काम असं: प्रत्येकाकडे हजाराच्या पाच आणि एकाच्या तीन नोटा. मधोमध एक ‘बँक’. २७६८ द्यायचे आहेत. दुकानदाराकडे सुटे नाहीत, म्हणून आठ एक हवे असतील तर आधी बँकेतून सुटे आणा. हजाराची नोट दिली तर शंभराच्या दहा मिळणार, एकदम एकाच्या हजार नाही. तीन फेऱ्या माराव्या लागतात. वहीतल्या खाडाखोडीच्याही तीन पायऱ्या होतात. फेरी आणि पायरी जुळली की झालं.

हिराची जुडी

मागे जाण्यात कमीपणा नाही हो. फरक एवढाच की नोट बदलून मिळते आणि जुडी उघडून मिळते. नोट बदलताना एक वस्तू जाते आणि दुसऱ्या दहा येतात. त्या दहा ‘तिच्यातूनच’ आल्या हे विश्वासावर घ्यावं लागतं. जुडीत ते डोळ्यांना दिसतं. १५५ उत्तर देणाऱ्याला आधी जुडी, मग नोटा. ३२३५ वाल्यांना सरळ नोटा दिल्या तरी चालेल.

ताळेबंद

हे पटलं.

डिचोलीची पालक

माझा प्रश्न शब्दाचा आहे. ‘शेजारच्या घरातून उसने घेतले’ म्हटलं की मुलं विचारतात, ‘मग परत कधी करायचे?’ उसनी साखर आणली तर वाटी भरून परत जाते. इथे तर कुणीच परत करत नाही!

खडू आणि डस्टर

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि मुलांच्या तोंडून आला म्हणजे ती विचार करताहेत. उसने हा शब्दच अपुरा आहे. संख्या कुणाकडून काही घेत नाही. ती तेवढीच राहते, फक्त वेगळ्या मांडणीत. ४०२ म्हणजे ४ शतक ० दशक २ एकक, तसंच ३ शतक १० दशक २ एकक, तसंच ३ शतक ९ दशक १२ एकक. मराठीत याला चांगला शब्द आहे, ‘सुटे करणे’. शतक सुटं केलं, दशक सुटा केला. कदंबाच्या बसमध्ये ‘सुटे काढा’ ऐकलेल्या मुलाला तो समजावूनही सांगावा लागत नाही.

साष्टीची वाट

परत करायची रीतही आहे बरं का. ५२ − २७ घ्या. वरच्या २ चे १२ करायचे, १२ मधून ७ गेले ५. आता वर दहा एकक वाढवले म्हणून खालीही एक दशक वाढवायचा: २ चे ३. ५ मधून ३ गेले २. उत्तर २५. वर दहा मिळवले तेवढेच खाली मिळवले, म्हणून फरक बदलत नाही. पोर्तुगालमधली पारंपरिक रीत हीच. घरातली जुनी माणसं कधी असं करताना दिसली तर ती चुकत नाहीत हे मुलांना सांगायला हवं.

हिच्यात शून्याचा त्रास उरतच नाही. ५००३ − २७६८: १३ मधून ८ गेले ५, खालच्या ६ चे ७, १० मधून ७ गेले ३, ७ चे ८, १० मधून ८ गेले २, २ चे ३, ५ मधून ३ गेले २. २२३५. वर एकही खाडाखोड नाही.

मोजपट्टी

रीत सुंदर आहे, पण ताईंच्या मुलांना आता देऊ नये असं माझं ठाम मत. शाळेत सुटे करण्याची रीत चालू आहे. दोन रिती एकत्र झाल्या की मूल वरचा कमीही करतं आणि खालचा वाढवतंही. ५२ − २७ चं उत्तर १५ आलं तर हेच घडलंय असं समजा. एक रीत हाडीमाशी खिळू दे, मग सहावीत गंमत म्हणून दुसरी दाखवा.

साष्टीची वाट

मान्य. घरात कुणी ही रीत दाखवत असेल तर मात्र शिकवणाऱ्याला ती माहीत असलेली बरी, नाहीतर तो ‘१५’ कुठून आला ते कळणार नाही.

म्हापशाचा शुक्रवार

भाषेचा मुद्दा कुणी नीट घेतला नाही. चौथीत ‘त्रेपन्न’ म्हणणारं मूल पाचवीत ‘फिफ्टी थ्री’ ऐकतं. मराठीत आधी एकक ऐकू येतो, मग दशक. इंग्रजीत वीसच्या पुढे उलटं. म्हणून तोंडी सांगितलेलं ५३ वहीत ३५ होतं, आणि त्याची वजाबाकी बरोबर करूनही उत्तर चुकतं. पहिले दोन महिने संख्या तोंडी सांगण्याबरोबर फळ्यावरही लिहाव्यात, नाहीतर आपण गणित तपासतोय की कान तपासतोय ते समजत नाही.

हातच्याशीही याचा संबंध आहे. ६ आणि ७ तेरा. ‘तेरा’त तीन आधी ऐकू येतात, ‘थर्टीन’मध्येही तसंच. काही मुलं १ खाली लिहून ३ हातचे घेतात. त्यावर उपाय सोपा, तेरा न म्हणता ‘एक दशक तीन एकक’ म्हणायला लावायचं. आठवडाभर पुरे होतं.

मनातली आकडेमोड कुठल्या भाषेत चालते त्यात ढवळाढवळ करू नये. घरी कोंकणी असेल तर ‘णव, धा’ म्हणत मोजू दे, मराठी असेल तर मराठीत. वहीत अंक तेच असतात. शब्दांसाठी भिंतीवर एक तक्ता पुरतो: एकक–युनिट्स, दशक–टेन्स, शतक–हंड्रेड्स, हातचा–कॅरी, सुटे करणे–रीग्रुपिंग. शाळेत ‘बॉरो’ म्हणत असतील तर तोही शब्द त्याच ओळीत.

पणजीची फेरी

अवांतर: २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. हातच्यासाठी ‘साठ तीन’ फारच सोयीचं आहे.

चौकटीची वही

सोयीचं आहे, पण ‘एकोण’ घालवू नका. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी. आपल्या भाषेनं संख्येतच वजाबाकी करून ठेवली आहे: पन्नासाला एक कमी. ३६७ + ४९ तोंडी करताना मुलाला विचारा, ‘एकोणपन्नास म्हणजे काय?’ मग ३६७ + ५० = ४१७, त्यातून १ गेला ४१६. वजाबाकीत उलटं: ३६७ − ४९ करताना ५० काढले की ३१७, एक जास्त गेला म्हणून तो परत, ३१८. तो एक मिळवायचा की काढायचा यात मुलं हमखास गोंधळतात. ‘जास्त गेलं की कमी गेलं?’ एवढंच विचारायचं, नियम सांगायचा नाही. नव्व्याण्णव या चालीत बसत नाही, तिथे शंभराला एक कमी हे आपणच सांगायचं.

पणजीची फेरी

‘एकोण’ असा कधी पाहिला नव्हता. घालवू नये, खरंच.

खडू आणि डस्टर

मूळ प्रश्नाकडे येतो. ‘मागे कुठवर जायचं?’

सुटे करण्याच्याही खाली एक पायरी असते आणि ती बहुधा कुणी तपासत नाही. ४०२ − १५७ मध्ये अखेर १२ − ७ आणि ९ − ५ करायचं असतं. १२ − ७ ला मूल बोटं मोजत असेल तर तेवढ्यात वर काय खोडलं होतं ते विसरतं. दहाच्या पलीकडे जाणाऱ्या, म्हणजे ११ पासून १८ पर्यंत बेरीज होणाऱ्या एक-अंकी जोड्या फक्त ३६ आहेत, आणि ४ + ८, ८ + ४ एकच धरले तर त्याहून कमी. या तोंडी विचारा. तीन-चार सेकंदांत उत्तर आलं नाही ती जोडी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. बहुतेक मुलांच्या आठ-दहाच जोड्या कच्च्या असतात: १३ − ८, १५ − ७, १४ − ६, १७ − ९ या घराण्यातल्या. त्या दहावरून नेऊन पक्क्या करा. १३ − ८ म्हणजे ८ पासून १० पर्यंत २, पुढे ३, एकूण ५. रोज पाच मिनिटं.

मग ‘दोन रूपांत लिहा’: ३४२ = ३ शतक ३ दशक ‘किती’ एकक? हे जमलं की वजाबाकीची खरी अडचण संपते.

ताळेबंद

आणि एकदा ते समजलं की एक जवळची वाट. ५००३ मध्ये दशक किती? मुलं म्हणतात, शून्य. नाही, दशकाच्या घरात शून्य आहे, पण संख्येत ५०० दशक आहेत आणि ३ एकक. एक दशक सुटा केला तर ४९९ दशक आणि १३ एकक. म्हणजे ‘५००’ एका रेघेत खोडून वर ‘४९९’. तीन खाडाखोडींऐवजी एक. ५ चा ४ करायचा राहिला ही चूक इथे होऊच शकत नाही, कारण तो वेगळा करावाच लागत नाही. ताईंच्या ३२३५ वाल्या दोघांना हे द्या.

चौकटीची वही

कागदाबद्दल कुणी बोललं नाही. रेघी वहीत पाच अंकी उदाहरण सरळ उभं राहत नाही. चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एक अंक, आणि उदाहरणाच्या वर एक पूर्ण ओळ मोकळी. हातचा किंवा सुटे केलेला अंक त्या ओळीतच बसला पाहिजे. चौकटीची नसेल तर रेघी वही आडवी फिरवा, रेघा उभ्या होतात आणि घरं आपोआप तयार.

मांडणी कच्ची असली तर ४०८५ + ७६ + १२०९ + ३०८ मध्ये ७६ डावीकडे सरकतात. एककाखाली एकक, हे उजवीकडून लिहायला लावून पक्कं होतं. या उदाहरणाचा दुसरा उपयोग म्हणजे एककांची बेरीज २८ येते. ‘हातचा नेहमी एकच’ असं धरून चाललेलं मूल इथे पकडलं जातं. उत्तर ५६७८.

साष्टीची वाट

बेरजेसाठी गोव्याचंच उदाहरण घ्या ना. उत्तर गोवा १७३६ चौरस किलोमीटर, दक्षिण गोवा १९६६. सहा नि सहा बारा, २ लिहिले, हातचा १. तीन नि सहा नऊ आणि हातचा एक, दहा. ० लिहिलं, हातचा १. सात नि नऊ सोळा आणि एक सतरा, ७, हातचा १. एक, एक आणि एक तीन. ३७०२. मधल्या घरात हातच्यामुळेच दहा होतात, म्हणून हातचा विसरणाऱ्याचं उत्तर २६९२ येतं. कोणी १२ आणि १६ पूर्ण लिहून २१६९१२ असंही करतं.

उलट करा: ३७०२ − १९६६. आता दशकाच्या घरात शून्य आहे, आणि शतकातला ७ चा ६ झाल्यावर त्यातून ९ जात नाहीत, तिथे हजार सुटा करावा लागतो. एकाच उदाहरणात सगळे खड्डे. उत्तर माहीत असल्यामुळे मूल स्वतःच ताळा बघू शकतं.

हिराची जुडी

हे उदाहरण अप्रतिम आहे! ३७० दशकांचे ३६९ केले की ताळेबंद सरांची जवळची वाटही इथे चालते.

काणकोणचा माड

मोठ्या संख्या हव्या असतील तर २०११ ची जनगणना: उत्तर गोवा ८,१८,००८, दक्षिण गोवा ६,४०,५३७, एकूण १४,५८,५४५. पुरुष ७,३९,१४० आणि स्त्रिया ७,१९,४०५, त्यांचीही बेरीज तीच यायला हवी. दोन वेगळ्या बेरजा एकाच उत्तरावर आल्या की मुलांना फार आनंद होतो.

मोजपट्टी

ताळ्याबद्दल. वजाबाकीचा ताळा बेरजेनं: उत्तर + खालची संख्या = वरची. ५००३ − २७६८ = ३७६५ लिहिणाऱ्याला ३७६५ + २७६८ करायला लावा. ६५३३ येतं. ‘पाच हजारांतून काढून उरलेलं परत घातलं तर साडेसहा हजार?’ यापेक्षा जास्त बोलावं लागत नाही.

त्याआधी अंदाज. ५००० मधून जवळजवळ २८०० गेले, उत्तर २२०० च्या आसपास. हा आकडा कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिल्याशिवाय मांडणी सुरू करायची नाही. मुलं आधी उत्तर काढतात आणि मग त्यावरून ‘अंदाज’ लिहितात, तेवढं लक्ष ठेवा.

चुकीचं उत्तर आणि खरं उत्तर यांतला फरक बघायचीही सवय लावा. नेमका १०, १०० किंवा १००० असेल तर हातचा राहिला किंवा कमी करायचा राहिला. ९ नं भाग जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. नवाचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजेतून नऊ वगळून पडताळणं, शिकवणार असाल तर एक सांगून ठेवा: अशी अदलाबदल त्याला पकडता येत नाही.

डिचोलीची पालक

शाब्दिक उदाहरणांत ‘जास्त’ शब्द दिसला की बेरीज, हे कसं मोडायचं? इंग्रजीत ‘मोर’ दिसलं तरी तेच.

काणकोणचा माड

त्या शब्दावर बोट ठेवून नियम देऊ नये, तिथूनच रोग सुरू होतो. ‘दक्षिण गोवा उत्तर गोव्यापेक्षा किती चौरस किलोमीटरनं जास्त?’ इथे जास्त आहे आणि वजाबाकी आहे, उत्तर २३०. त्यालाच जोडून: ‘पाडेल्यानं एका बागेत १२५० नारळ पाडले, दुसऱ्या बागेत त्याहून ३८५ जास्त.’ इथे बेरीज, १६३५. दोन्हींसाठी एकाखाली एक दोन पट्ट्या काढायच्या, लहान आणि मोठी. माहीत असलेल्या संख्या पट्ट्यांवर लिहायच्या, प्रश्नचिन्ह कुठे पडतं ते बघायचं. प्रश्नचिन्ह लांब पट्टीवर पडलं तर बेरीज, दोन पट्ट्यांतल्या फरकावर पडलं तर वजाबाकी.

साष्टीची वाट

सुटे करणं खरंच समजलंय का, याची एक कसोटी. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, घटक राज्य झालं ३० मे १९८७ ला. मधला काळ किती? दिवस ३० − १९ = ११. महिने ५ − १२, जात नाहीत. एक वर्ष सुटं केलं तर किती महिने मिळतात? रीत पाठ केलेली मुलं इथे १५ लिहितात. समजलेली मुलं १७ लिहितात. १७ − १२ = ५, वर्षं १९८६ − १९६१ = २५. उत्तर २५ वर्षं ५ महिने ११ दिवस.

खडू आणि डस्टर

हे उद्याच वर्गात घेतो.

ताईंचा तिसरा प्रश्न राहिला. रोज सहा पुरेत. पण सहाही हातच्याची नकोत. मूल गरज नसतानाही सुटे करायला लागतं आणि ७८ − ४३ मध्ये ८ चे १८ करून एककाच्या घरात १५ लिहितं. दोन बिनहातच्याची, दोन एकदा सुटे करण्याची, एक शून्याचं, एक बेरीज, आणि क्रम विस्कटलेला. मांडण्याआधी प्रत्येकाच्या बाजूला ‘सुटे लागतील/नाही’ एवढं लिहून घ्यायचं. तिसऱ्या आठवड्यापासून उदाहरणं आडवी द्या, उभी मांडणी त्यांना करू दे.

फोंड्याची पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. ४०२ − १५७ आजच दिलं. ३७६५ वाल्या दोघांपैकी एकाचं ३५५ आलं, दुसऱ्याचं २०५. म्हणजे ज्यांची चूक एकच समजत होते, ते दोघंही वेगळे निघाले. दोघांना हीर, ३२३५ वाल्यांना नोटा आणि ४९९ ची वाट, आणि बरोबर उत्तर आलेल्या मुलीला तारखांचं उदाहरण असं ठरवलंय. ‘उसने’ शब्द बंद.

एकच शंका. शाळेच्या पुस्तकात पुढे १,००,००० − ३४,५६७ आहे. एवढी शून्यं सुटी करत बसायची?

चौकटीची वही

एकदा करू द्या, पाचही घरं. मग ‘एकोण’ आठवून द्या: लाखाला एक कमी म्हणजे ९९,९९९. त्यातून ३४,५६७ काढताना कुठेच सुटे लागत नाहीत, ६५,४३२ उरतात. बाजूला ठेवलेला एक परत मिळवला की ६५,४३३. तो एक मुलं हमखास विसरतात, म्हणून वजाबाकी सुरू करण्याआधीच समासात ‘+ १’ लिहून त्याला गोल करायला सांगा.